दुर्बीण कपाटात, अंक रद्दीत

देणगीतून शाळेला मिळालेल्या दुर्बिणीचं पुढे काय होतं ते बहुतेक ठरलेलं असतं. हार-नारळ, पेपरात फोटो, दोन रात्री चंद्र, एखादी रात्र शनी, मग लोखंडी कपाट. मिरगाला पाऊस लागतो. कपाट भिंतीला टेकलेलं, भिंत पाझरणारी, दुर्बीण तिच्या मूळ थर्माकोलच्या खोक्यात आणि आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, रेक्झिनच्या पाऊचमध्ये. बेळगावचा पाऊस महिनोन्महिने हटत नाही. बंद कपाटातली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की काचेवर बुरशी धरते. दिवाळीनंतर कपाट उघडलं तर भिंगाच्या आत कोळिष्टकासारखे पांढुरके धागे दिसतात. ही बुरशी आम्ल सोडते, भिंगावरचा लेप खाते आणि फार दिवस राहिली तर काचही चरते. कुणीतरी ती रुमालाने पुसतं. झालं. ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि पुढच्या देणगीदारासाठी नवा अर्ज तयार होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांसाठी मदतीची यादी निघते तेव्हा तिच्यात दुर्बीण सहज जाऊन बसते, कारण तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. माझं म्हणणं असं, की दुर्बिणीसाठी जमलेल्या पैशातला निम्मा वाटा दुर्बिणीवर खर्चूच नये. तो दुर्बिणीत मोठ्या भिंगाच्या जागी चालणारा खोलगट आरसा घासायच्या साहित्यावर आणि दुर्बिणीवरच्या चार पानांच्या छापील नियतकालिकावर जावा. शाळांतल्या प्रयोगशाळांसाठी असलेल्या सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेच्या वीस लाखांच्या अनुदानातसुद्धा दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षं चालवायला, अशी वाटणी आहे. वस्तूइतकाच पैसा तिच्या वापराला लागतो हे सरकारी कागदावर मान्य आहे. देणगीदारांच्या गळी मात्र ते अजून उतरलेलं नाही.

आधी खोक्यावर काय छापलेलं असतं ते पाहू. साठ मिलिमीटर व्यासाची, सातशे मिलिमीटर केंद्रांतराची दुर्बीण आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. हा आकडा खोटा नसतो, तो निरुपयोगी असतो. ७०० ला चार मिलिमीटरच्या आयपीसने भागायचं, १७५ येतात. त्यावर तीन पटींचं बार्लो भिंग लावायचं, ५२५. पण भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दोन पट एवढीच वर्धनशक्ती कामाची असते, म्हणजे साठला एकशेवीस. त्यापुढे चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही, आणि हलणाऱ्या तिकाटण्यावर गुरू नुसता नाचत राहतो. हे गणित सातवीतल्या पोराला दोन मिनिटांत समजतं. खरेदी समितीला कुणी समजावत नाही, कारण समजावण्याची जागाच नाही. ती जागा म्हणजे नियतकालिक.

दुर्बीण बनवणारे आणि मासिक काढणारे यांचं नातं शंभर वर्षांपूर्वी कसं जमलं हे बेळगावकरांनी मुद्दाम वाचावं, कारण ते एका कारखान्याच्या गावात जमलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं लहान शहर आहे. यंत्रं बनवणारी यंत्रं तिथे तयार व्हायची. तिथल्या ‘जोन्स अँड लॅम्सन’ कारखान्यात काम करणाऱ्या रसेल पोर्टरने १९२० मध्ये कामगारांना आरसा घासायला शिकवण्याचा वर्ग काढला. पंधरा पुरुष आणि एक बाई. १९२३ च्या डिसेंबरात त्यांचं मंडळ झालं. ‘सायंटिफिक अमेरिकन’चा संपादक अल्बर्ट इंगाल्स तिथे जाऊन आला आणि १९२५ च्या नोव्हेंबर अंकात त्याने त्यांच्यावर लेख छापला. वाचकांची पत्रं येऊ लागली: काच कुठली घ्यायची, पावडर कुठली, कडा का पडते? त्या प्रश्नांतून सदर सुरू झालं, सदरातून काच आणि पावडर विकणारी लहान दुकानं उभी राहिली आणि त्या दुकानांच्या जाहिरातींनी पुढची पानं भरली.

याच कारखान्याचा प्रमुख जेम्स हार्टनेस. स्क्रूचे आटे तपासायला त्यांची सावली मोठी करून पडद्यावर पाडायची, ही युक्ती त्याने पोर्टरच्या मदतीने यंत्रात उतरवली. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ज्याला प्रोफाइल प्रोजेक्टर म्हणतात त्याचं मूळ तेच. म्हणजे ज्या हातांनी दुर्बिणीचा आरसा घासला त्याच हातांचं यंत्र आपल्याकडच्या तपासणीच्या टेबलावर बसून आहे. दुर्बीण मात्र आपण खोक्यात बंद करून विकत आणतो.

आता आपल्याकडे बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, नंतर कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. जागा सोडावी लागली म्हणून १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० मध्ये, म्हणजे पोर्टरचा वर्ग सुरू झाला त्याच वर्षी, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. नांगराच्या कारखान्याचं ते घरचं पत्रक. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळली, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. गिऱ्हाइकाला नांगराची माहिती द्यायला निघालेलं पत्रक महाराष्ट्रभर घराघरांत वाचलं जाऊ लागलं. यंत्र विकणाऱ्यालाही वाचक घडवावा लागतो, ही गोष्ट मराठी माणसाला स्प्रिंगफील्डवरून शिकायची गरज नव्हती. कारखाना बेळगावातून गेला, म्हणून पुढे मासिकही बाहेरच निघालं. फौंड्रीचं काम मात्र इथेच राहिलं आणि वाढलं. गेलेल्या जागेबद्दल आपण अजून हळहळतो. हुकलेल्या मासिकाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मासिकाची ताकद किती असते याचं एक उदाहरण कॅमेऱ्याच्या बाजारातलं आहे. १९५० मध्ये ‘लाइफ’चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन तोक्योत होता. निप्पॉन कोगाकूची, म्हणजे आजच्या निकॉनची, भिंगं त्याने तपासली, आवडली, आपल्या कॅमेऱ्यांना लावली आणि तीच घेऊन तो कोरियाच्या युद्धावर गेला. जर्मन भिंगांशिवाय पान हलत नाही असं मानणाऱ्या बाजाराला ‘लाइफ’मधल्या त्या फोटोंनी जपानची ओळख करून दिली. १९१७ पासून सैन्यासाठी भिंगं घासणाऱ्या कंपनीला जे जाहिरातीने जमलं नसतं ते एका साप्ताहिकाच्या पानांनी केलं. ‘लाइफ’ साप्ताहिक १९७२ मध्ये बंद पडलं, निकॉन चालू आहे.

दुर्बिणीच्या जगात हे नातं पुढे बिघडलं, आणि कसं बिघडलं तेही सांगितलं पाहिजे. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ १९४१ मध्ये दोन मासिकं एकत्र येऊन निघालं, ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ १९७३ मध्ये. सेलेस्ट्रॉनने आठ इंची दुर्बीण १९७० मध्ये बाजारात आणली, मीड १९७२ मध्ये सुरू झाली. धूमकेतू हॅलेच्या वेळी, १९८५-८६ मध्ये, दुर्बिणींचा खप फुगला आणि धूमकेतू गेल्यावर बसला. या दोन कंपन्यांनी १९९० च्या सुमारास एक व्हायचं ठरवलं तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ते अडवलं. पुढे सेलेस्ट्रॉन २००५ मध्ये तैवानच्या सिंटाकडे गेली, मीड २०१३ मध्ये चीनच्या निंग्बो सनीकडे. ओरायन ही विक्री करणारी कंपनी सनीविरुद्ध किमती संगनमताने ठरवल्याचा दावा घेऊन न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये जिंकली. मीडने दिवाळखोरी जाहीर केली, ओरायनच्या मालकांनी २०२१ मध्ये ती घेतली आणि २०२४ मध्ये दोन्ही दुकानं बंद झाली. मासिकांचंही तसंच. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ ज्या प्रकाशन कंपनीकडे होतं ती २०१९ मध्ये बुडाली; अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ते मासिक लिलावात घेतलं म्हणून जगलं. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ १९८५ पासून मॉडेल रेल्वेची मासिकं छापणाऱ्या कामबाखकडे होतं, तेही २०२४ मध्ये विकलं गेलं.

या घसरणीची कारणं पुष्कळ आहेत. माझ्या दृष्टीने मुळातलं एक: आरसा घासणारा वाचक मागे पडला आणि खोकं विकत घेणारा वाचक पुढे आला. पहिल्याला मासिक दर महिन्याला लागतं, कारण त्याचं काम अडतं. दुसऱ्याला खरेदीच्या महिन्यापुरतं. आणि ज्या मासिकाला जाहिरातदार चारच, ते चौघांच्या मालाबद्दल किती कडक लिहिणार? मराठीत तर जाहिरातदार एकही नाही. १९२८ पासूनचं ‘सृष्टिज्ञान’ आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांनी वाचकाच्या वर्गणीवर आणि लेखकांच्या फुकट श्रमावर इतका काळ काढला हेच नवल. पण ती पुण्या-मुंबईची. खानापूरच्या मास्तरांच्या दुर्बिणीला खिळखिळा फोकसर आहे, याचं उत्तर तिथून यायचं नाही.

म्हणून आरसा. उद्यमबागेच्या गावात हे काम परकं नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं लॅपिंग, म्हणजे पावडरीने बारीक घासण्याचं काम, करणाऱ्याच्या हाताला कार्बोरंडमची पावडर माहीत आहे, शतांश मिलिमीटरचा डायल गेज माहीत आहे. फरक एवढाच की शेवटी मोजमाप मायक्रॉनच्या दहाव्या भागात जातं, आणि तिथे गेज संपतो, उजेड सुरू होतो.

सुरुवातीला दीडशे मिलिमीटर व्यास आणि बाराशे मिलिमीटर केंद्रांतर घ्यावं, म्हणजे केंद्रांतर व्यासाच्या आठ पट, एफ/८. यापेक्षा आखूड केंद्रांतर घेण्याचा मोह टाळावा. या मापाला नुसता गोलीय खोलगट आरसाही उजेडाच्या जवळपास पाव तरंगलांबीच्या चुकीत बसतो, पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा उजेड एका बिंदूत आणणारा आकार, अचूक साधला नाही तरी शनीची कडी दिसते. काच पंचवीस मिलिमीटर जाड, पायरेक्स मिळाली तर उत्तम, नाहीतर एकोणीस मिलिमीटरची साधी फ्लोट काचही चालते. मात्र ती हाताच्या उबेनेही आकार बदलते, तपासण्याआधी तासभर थांबावं लागतं. मध्यभागाची खोली किती हवी ते सरळ हिशेबाने निघतं: त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट. पंचाहत्तरचा वर्ग ५६२५, भागिले ४८००, म्हणजे १.१७ मिलिमीटर. आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवून मधे १.२ मिलिमीटरचा ड्रिल बिट जेमतेम सरकला की ऐंशी नंबरच्या जाड पावडरीचं काम संपलं.

घासायला खालचं टूल प्लास्टर ऑफ पॅरिसचं ओतून त्यावर फरशीचे लहान चौकोनी तुकडे चिकटवायचे. वर आरसा, मधे पावडर आणि पाणी. ऐंशी नंबरची तीनशे ग्रॅम, पुढे १२०, २२०, ३२० आणि ५०० नंबरची शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. आरसा पुढे-मागे, मग स्वतः टेबलाभोवती पाऊलभर सरकायचं आणि आरसा उलट्या दिशेला थोडा फिरवायचा. हे फिरणं चुकलं, एकाच जागी उभं राहून घासलं, तर आरसा एका दिशेला जास्त खोल होतो आणि तारा टिंबाऐवजी रेघ दिसतो. हा दोष पॉलिशने जात नाही, परत मागच्या पावडरवर जावं लागतं. पावडर ताजी असताना करकर आवाज येतो, पाच-सहा मिनिटांत तो सूं असा बारीक होतो; म्हणजे दाणे मोडले, नवी पावडर घालायची. आरशाच्या कडेला दोन मिलिमीटरची तिरपी घासलेली धार ठेवायची आणि ती झिजली की धारेच्या दगडाने परत करायची. ती गेली की कडेचा टवका उडतो, तो मधे सापडतो आणि चार तासांचं काम ओरखड्यात जातं. नंबर बदलताना टेबल, बादली, नखं, शर्टाच्या बाह्या, सगळं धुवायचं. ५०० नंबरच्या वेळी पडलेला ओरखडा जवळजवळ नेहमी ऐंशीच्या एका चुकार दाण्याचा असतो. पुढच्या नंबरावर जाण्याआधी आयपीस उलटा धरून त्यातून पृष्ठभाग पाहावा. मागच्या नंबरचे खड्डे दिसत असतील तर घाई करू नये.

पॉलिशला राळ लागते. राळ मंद आचेवर वितळवून त्यात थेंबथेंब एरंडेल घालायचं, गार झाल्यावर अंगठ्याचं नख दहा सेकंद दाबून धरलं तर खूण उमटली पाहिजे, रुतता कामा नये. मे महिन्याच्या दुपारी बरोबर वाटणारी राळ ऑगस्टमध्ये दगड होते, म्हणून मिश्रण कोणत्या तापमानाला केलं ते लिहून ठेवावं. टूलवर राळ ओतून तिच्यात खाचा पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइड पाण्यात कालवून घासायचं. राळ फार मऊ झाली किंवा आरसा टूलबाहेर फार काढला तर कडा खाली वळते, म्हणजेच पडते. नवशिक्याचा आरसा बहुधा इथेच जातो.

तपासणीला लागतं दाढीचं पातं, बारीक फटीमागे एक एलईडी आणि चोवीसशे मिलिमीटरचं अंतर. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने १८५८ मध्ये शोधलेली ही पद्धत आहे. आरशावरून परत आलेल्या उजेडाच्या शंकूत पातं हळू सरकवलं की आरशाच्या चकतीवर सावली पडते. सावली सगळीकडे एकदम काळवंडली तर गोल बरोबर. मधे उंचवटा किंवा भोवती खळगा दिसला तर तो दोष, आणि तो मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असला तरी डोळ्यांना डोंगराएवढा दिसतो. व्हॉल्व्ह लॅप करणाऱ्याने आयुष्यभर जे हाताला जाणवलं तेच इथे त्याला समोर दिसतं.

आक्षेप येतील. पहिला, तयार चिनी दुर्बीण याहून स्वस्त पडते. अगदी खरं आहे. घासलेला आरसा, अ‍ॅल्युमिनियमच्या लेपासाठी बाहेर पाठवण्याचा खर्च, नळी, तिकाटणं, सगळं धरलं तर बचत होत नाही. पण तयार दुर्बिणीचा लेप दमट हवेत काही वर्षांत उडतो तेव्हा ती भंगारात जाते, आणि आरसा घासलेली शाळा लेप पुन्हा करून घेते. शिवाय दुर्बीण बसवून फिरवायची लाकडी डॉब्सोनियन पेटी गावचा सुतार करतो. ध्रुव ताऱ्याकडे कललेल्या अक्षावर फिरणाऱ्या विषुववृत्तीय माउंटची गरजच नाही. आपल्या सोळा अंश अक्षांशाला तो इतका कलवावा लागतो की वजनाची दांडी तिकाटण्याच्या पायावर आपटते.

दुसरा आक्षेप, यूट्यूबवर सगळं आहे. आहे, आणि तिथून शिकलेली मंडळी चांगले आरसे करतातही. पण ते व्हिडिओ चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरचे. तिथे ध्रुव तारा डोक्याच्या दिशेने अर्ध्यावर असतो. आपल्याकडे हात लांब करून क्षितिजावर मूठ ठेवली तर दीड मुठीवर, म्हणजे झाडांच्या शेंड्यात. त्यांच्या यादीत नसलेला नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ आपल्याला एप्रिलच्या रात्री सत्तावीस अंशांवर मिळतो, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला अंधारात तर नुसत्या डोळ्यांनी. अगस्त्य तर सगळा हिवाळाभर. हे इथल्या माणसाने इथल्या माणसाला सांगायचं असतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेणार नाही, पण मनात असेल: सीमाभागात मराठीचा प्रश्न पाट्यांचा आणि कागदपत्रांचा असताना दुर्बिणीचं काय घेऊन बसलात? १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या ठरावाचं मोल मला कमी करायचं नाही. पण भाषा ठरावात जेवढी टिकते त्याहून जास्त ती ‘कडा पडली’, ‘राळ मऊ झाली’, ‘सावली एकदम काळवंडली’ अशा वाक्यांत टिकते. नरगुंदला जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर याच पट्ट्यातले. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं त्यांचं गणित १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आलं. गणित किती बरोबर होतं यावर वाद घाला, पण इथल्या माणसाच्या कागदाला पान देणारी पत्रिका पॅरिसमध्ये निघाली, हे खटकायला हवं.

तर अंक. ए-थ्री कागद एकदा दुमडून चार पानं. ऑक्टोबर ते मे असे आठ अंक. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं, ते चार महिने घासण्याचे. तिसरं पान कन्नडमध्ये असावं, कारण लेथवर काम करणारा शेजारी आणि सरकारी शाळेतलं पोर कन्नड वाचतं, आणि कडा दोघांच्याही आरशाची पडते. जाहिरात फौंड्रीची घ्यावी, हार्डवेअरवाल्याची घ्यावी, दुर्बीण विकणाऱ्याची घेऊ नये. कुणाच्या दुर्बिणीचं परीक्षण छापायचं तर ती उसनी आणावी, भेट म्हणून ठेवून घेऊ नये. वाटपाची व्यवस्था तयारच आहे: कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनीची साहित्य संमेलनं नेमकी कोरड्या आकाशाच्या महिन्यांत भरतात. मांडवाबाहेर एक टेबल, त्यावर फुकोची तपासणी मांडलेली, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर अंक. जुने अंक बांधून ठेवायला १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरात आहेच.

पहिल्या अंकाचं पहिलं पान कशाला द्यायचं यावर मात्र माझा आग्रह आहे. संपादकीय नको, उद्घाटनाचा फोटो नको. पहिल्या पानावर कपाट. दुर्बीण भिंतीपासून वीतभर दूर, आयपीस रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, डब्यात निळी सिलिका जेल शंभर ग्रॅम, ती गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर निळी होईपर्यंत परतायची, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहिल्याची सही करायला दारावर एक तक्ता.